सार्वजनिक हित आणि खाजगी तोटा

सार्वजनिक संकटाची एक खोड अशी आहे की, ते ओसरले म्हणजे त्याचा हिशेब पाहण्याची इच्छा फारशी कोणास उरत नाही. घरातील आजारी माणूस उठून बसू लागला की औषधांच्या रिकाम्या बाटल्या आपण जशा घाईने दृष्टीआड करतो, तशीच समाजाचीही रीत असते. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात आलेली करोनाची महासाथ, तिच्यापायी निघालेले सरकारी हुकूम, ओस पडलेल्या बाजारपेठा आणि थांबलेल्या आगगाड्या यांस आता काही वर्षे लोटली. मृतांचे स्मरण ज्याच्या त्याच्या घरी होत असते. परंतु त्या काळात जी दुकाने मिटली ती कायमचीच मिटली, त्यांचे स्मरण कोणी करीत नाही. कारण दुकान मरणे ही गोष्ट आपण मरणात गणीत नाही. त्या बंद दुकानांच्या निमित्ताने एक जुना नैतिक प्रश्न वाचकांपुढे मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. सर्वांच्या जीवितरक्षणासाठी राज्यसंस्थेने एखाद्याचा धंदा बंद केला, तर त्या बंदीमुळे होणारा तोटा कोणी सोसावा? ज्याच्यावर तो येऊन पडला त्याने, की ज्यांच्यासाठी बंदी झाली त्या सर्वांनी?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतो. टाळेबंदी करावयासच नको होती, असे आम्हांस म्हणावयाचे नाही. संसर्गाने पसरणाऱ्या रोगाच्या बाबतीत प्रत्येकाचे स्वातंत्र्य शेजाऱ्याच्या श्वासाशी बांधलेले असते, आणि रुग्णालयांत खाटा अपुऱ्या पडत असता माणसांच्या गाठीभेटी कमी करणे हाच सरकारच्या हातचा उपाय होता. आम्ही राहतो त्या वसई-विरार परिसराने तो काळ जवळून पाहिला आहे. २३ एप्रिल २०२१ रोजी पहाटे विरारमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागास आग लागून तेथे उपचार घेत असलेले करोनाचे रुग्ण मृत्युमुखी पडले. ज्या गावाने ती पहाट पाहिली त्याने निर्बंधांची थट्टा करू नये. तेव्हा बंदी योग्य होती की अयोग्य, हा येथील वादविषय नव्हे. बंदी योग्य होती असे धरून चालल्यावरच आमचा प्रश्न उभा राहतो. अन्यायाने झालेल्या नुकसानीची भरपाई मागणे सोपे आहे. न्याय्य कृत्यापासून झालेल्या नुकसानीचे काय करावयाचे, हा खरा पेच होय.

घडलेल्या गोष्टींचा क्रम थोडक्यात सांगितला पाहिजे. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने १८९७ चा साथरोग प्रतिबंधक कायदा राज्यात लागू केला. २३ मार्चपासून मुंबईच्या उपनगरी गाड्या बंद झाल्या, आणि २५ मार्चपासून सर्व देशात टाळेबंदी सुरू झाली. जूनच्या आरंभी राज्य सरकारने निर्बंध हळूहळू सैल करण्यास सुरुवात केली; त्यात रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एके दिवशी व दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडावीत, असा सम-विषमाचा नियम आला. खानावळी व उपाहारगृहे ५ ऑक्टोबरपासून निम्म्या आसनांवर सुरू झाली. पुढे दुसरी लाट आली आणि ५ एप्रिल २०२१ पासून अत्यावश्यक नसलेली दुकाने पुन्हा बंद झाली, ती जवळजवळ दोन महिने. जून २०२१ मध्ये बाधितांचे प्रमाण व प्राणवायूच्या खाटांचा वापर पाहून जिल्ह्यांचे पाच स्तर पाडण्यात आले. अखेर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर दुकाने रात्री दहापर्यंत उघडी ठेवण्याची मुभा मिळाली. सरासरी सतरा महिन्यांची ही कथा आहे.

हे हुकूम सर्वांना सारखेच होते, असे आपण समजतो. परंतु एकच हुकूम निरनिराळ्या गावांवर निरनिराळ्या वजनाने पडतो, हे वसई-विरारच्या उदाहरणावरून चांगले समजते. या परिसरातील कमावत्या माणसांपैकी फार मोठा भाग सकाळच्या गाडीने मुंबईस जातो आणि दिवेलागणीनंतर परततो. नायगाव, वसई रोड, नालासोपारा आणि विरार या स्थानकांबाहेरील बाजाराचा खरा दिवस संध्याकाळी सातला उजाडतो. गाडीतून उतरलेला माणूस घरी जाता जाता मुलाची वही, चपलेचा अंगठा, आईची शिवावयास टाकलेली चोळी आणि पावशेर फरसाण घेऊन जातो. अशा गावात दुपारी चारला दुकाने मिटावीत, हा हुकूम कागदावर अर्ध्या दिवसाचा असला तरी व्यवहारात जवळजवळ पूर्ण दिवसाचा होता. त्यातच प्रवासी ज्या गाडीतून उतरावयाचे ती गाडीच त्याला बंद होती. १५ जून २०२० पासून ती केवळ अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी सुरू झाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांस मुभा मिळाली तीही ठराविक वेळांतच, आणि एप्रिलमध्ये ती पुन्हा गेली. २२ जुलै २०२० रोजी नालासोपारा स्थानकात नोकरीवर पोहोचू न शकणारे प्रवासी लोहमार्गावर उतरले होते, हे पुष्कळांना आठवत असेल. तो उद्रेक प्रवाशांचा होता. पण त्यांच्या मागे, स्थानकाबाहेर, गिऱ्हाइकाची वाट पाहणारे दुकानदारही होते.

ऑगस्ट २०२१ च्या आरंभी तर नकाशावरील रेघ ही केवढी मोठी गोष्ट असते याचा अनुभव आला. राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत दुकानांची वेळ रात्री आठपर्यंत वाढली. मुंबई व ठाणे यांचा निर्णय तेथील प्राधिकरणांवर सोपविण्यात आला, आणि मुंबईने रात्री दहापर्यंत परवानगी दिली. मात्र अकरा जिल्ह्यांत चारची मर्यादा कायम राहिली व त्यांत पालघर होता. वसईच्या खाडीवरील पूल ओलांडण्यास गाडीस काही मिनिटे लागतात. त्या काही मिनिटांच्या अलीकडे व्यापार निषिद्ध आणि पलीकडे निर्णय अन्य प्राधिकरणाच्या हाती! रेघ कोठेतरी ओढावीच लागते, हे आम्हांस मान्य आहे. परंतु रेघेच्या चुकीच्या बाजूस सापडणे हा दुकानदाराचा दोष नव्हे. जेथे दोष नसता केवळ योगायोगाने एकावर भार पडतो, तेथे तो भार वाटून घेण्याचा प्रश्न अधिकच तीव्र होतो.

या सर्व हुकुमांचा कणा म्हणजे ‘अत्यावश्यक’ हा शब्द. त्याच्याकडे थोडे निरखून पाहू. औषधे, धान्य, दूध, भाजी ही अत्यावश्यक. कापड, भांडी, पुस्तके, शिवणकाम ही तशी नव्हेत. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहता हे वर्गीकरण बिनचूक आहे. चार महिने नवा सदरा शिवला नाही म्हणून कोणी मरत नाही. परंतु प्रत्येक देवघेवीस दोन टोके असतात. शिंप्याच्या बाजूने पाहिले तर शिवणकाम हेच त्याचे धान्य, हेच त्याचे दूध आणि हेच त्याचे औषध. घेणाऱ्यास जे अनावश्यक ते विकणाऱ्यासही अनावश्यक, असा एक तर्कदोष या वर्गीकरणात नकळत शिरला होता. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवीत आलो. तथापि हा दोष आमच्याही लक्षात आला तो उशिरा, आणि तोही पुस्तकातून नव्हे.

तो कसा आला ते सांगणे आम्हांस भूषणावह नाही. पण या विषयावर लिहिणाऱ्याने आपली जागा कोणती होती हे सांगितले नाही, तर त्याच्या तत्त्वचर्चेस किंमत उरत नाही. आम्ही वसई पश्चिमेस ज्या इमारतीत राहतो तिच्या तळमजल्यावर चार गाळे आहेत. त्या वेळी त्यांत एक औषधाचे, एक किराणा मालाचे, एक शिंप्याचे आणि एक वह्यापुस्तकांचे, अशी दुकाने होती. पहिली दोन टाळेबंदीतही उघडी राहिली, पुढची दोन मिटली. काही दिवसांनी किराणावाल्याने साबणाशेजारी वह्या आणि पेनेही विकावयास ठेवली. म्हणजे वही विकणे निषिद्ध नव्हते. वहीवाल्याने ती विकणे निषिद्ध होते. आम्हीही त्याच्याकडून लाल शाईची दोन पेने घेतली व त्यात काही विपरीत आहे असे आम्हांस वाटले नाही.

वह्यावाले गृहस्थ मूळचे कोकणातले. आमच्या मुलांच्या पहिल्या पाट्या त्यांच्याकडच्या. एप्रिल २०२१ मध्ये ते सकाळी तासभर शटर गुडघ्याइतके वर करून आत बसू लागले. रहिवाशांच्या बैठकीत, जी अर्थातच ज्याच्या त्याच्या घरी बसून पडद्यावर झाली, या गोष्टीवर चर्चा निघाली. इमारतीत वृद्ध होते, दोन घरांत रोगी होते. भीती खोटी नव्हती. नियमभंगाबद्दल महापालिकेच्या कार्यालयास पत्र लिहावे असे ठरले, आणि पत्राचा मसुदा करण्याचे काम, भाषा चांगली म्हणून, आमच्याकडे आले. आम्ही तो केला. ‘सार्वजनिक आरोग्याच्या हितार्थ’ हे शब्द त्यात आमचे आहेत. दुकानास दंड झाला व शटर पूर्ण खाली आले. त्याच महिन्याच्या अखेरीस, नेहमीप्रमाणे, आमचा पगार पूर्णपणे बँकेत जमा झाला. त्या सतरा महिन्यांत तो एकदाही चुकला नाही.

दुकान त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत कसेबसे चालले. मग गाळा रिकामा झाला. सामान टेम्पोत भरीत असता आम्ही खाली गेलो, तेव्हा त्या गृहस्थांनी उधारीची वही काढून आमचे पान दाखविले. मार्च २०२० मध्ये परीक्षेसाठी नेलेल्या कागदाच्या रिमांचे तीनशे चाळीस रुपये आमच्या नावे होते. वीस महिने त्यांनी ते मागितले नव्हते. आम्ही विचारले, ‘‘अहो भाऊ, मधल्या काळात एकदा सांगायचे तरी!’’ ते म्हणाले, ‘‘सर, तुमचे पैसे कुठे जाताहेत? दुकानच बंद, तर मागायला तोंड कसे उघडायचे?’’ पत्र कोणी लिहिले हे त्यांस ठाऊक होते की नव्हते, हे आम्हांस आजही कळलेले नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही.

आता व्यक्तिगत कथा बाजूस ठेवून तत्त्वाकडे वळू. सर्वांच्या हितासाठी एकाची वस्तू घेतली तर तिची किंमत सर्वांनी द्यावी, हे तत्त्व आपल्या कायद्यास व लोकबुद्धीस नवे नाही. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेमार्गासाठी वसई, पालघर, डहाणू, तलासरी या तालुक्यांतील जमिनी घेण्यात आल्या. मोबदला पुरेसा की अपुरा याविषयी पुष्कळ भांडणे झाली; परंतु मोबदला देऊच नये असे कोणी म्हटल्याचे आम्हांस आठवत नाही. याहून जवळचे उदाहरण रोगराईचेच आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूची साथ आली. संसर्ग थांबविण्यासाठी लाखो पक्षी मारावे लागले, आणि मारलेल्या पक्ष्यांबद्दल पाळणाऱ्यांना सरकारने भरपाई दिली. त्यात औदार्याबरोबर शहाणपणही होते. कारण भरपाई न मिळाली तर मनुष्य आजारी कोंबडी लपवितो आणि साथ पसरते. तोच न्याय दुकानास लावून पाहावा. गुडघ्याइतके वर केलेले शटर म्हणजे लपविलेली कोंबडीच होय. उपाशी माणसाकडून नियमपालनाची अपेक्षा करणे हे नीतिदृष्ट्या कठोर आहेच, पण आरोग्यदृष्ट्याही अदूरदर्शीपणाचे आहे.

यावर कोणी म्हणेल की, जमीन आणि कोंबडी या वस्तू आहेत; दुकान तर मालकाचेच राहिले, फक्त काही काळ बंद राहिले. परंतु लहान दुकान म्हणजे चार भिंती नव्हेत. गाळा बहुधा भाड्याचा असतो, माल उधारीचा असतो. दुकानदाराचे स्वतःचे असे जे काही असते ते म्हणजे गिऱ्हाइकाची सवय. ती सवय काही महिन्यांत तुटते आणि एकदा तुटली म्हणजे परत येत नाही. भाडे, विजेचा स्थिर आकार, घरपट्टी, कर्जाचा हप्ता हे मात्र कोणत्याही हुकुमाने थांबत नाहीत. काळ हीच व्यापाऱ्याची जमीन होय, आणि ती त्याच्याकडून घेण्यात आली.

ज्या कायद्याच्या आधारे ही बंदी झाली, त्याचा इतिहास या संबंधात विचार करण्याजोगा आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने घाईने एक कायदा केला. अवघी चार कलमे! एक नावाचे, एक अधिकाराचे, एक शिक्षेचे आणि एक अधिकाऱ्यांस दाव्यांपासून संरक्षण देणारे. त्या कायद्याच्या जोरावर पुण्यात जे घडले आणि २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या जाण्यापर्यंत गोष्ट कशी गेली, हे मराठी वाचकास सांगावयास नको. परंतु त्या जुलमी म्हणून गाजलेल्या कायद्याच्या अधिकाराच्या कलमातच एक लहानसे वाक्य आहे. उपायांसाठी होणारा खर्च कोणी व कसा भागवावयाचा हे सरकारने ठरवावे, आणि त्या खर्चात नुकसानभरपाई, ‘असल्यास’, तीही धरावी, असा त्याचा आशय आहे. परकी राज्यकर्त्यांनी घाईत लिहिलेल्या चार कलमांतही भरपाईची आठवण राहिली. फक्त ती ‘असल्यास’ या एका शब्दाच्या खुंटीस टांगून ठेवली गेली. सव्वाशे वर्षे लोटली, राज्य आपले झाले, तोच कायदा २०२० मध्ये आपण पुन्हा हाती घेतला. पण त्या शब्दाकडे आपली दृष्टी गेली नाही. नवल सरकारचे नव्हे. आमच्यासारख्या सुशिक्षितांपैकी किती जणांनी तो शब्द वाचला होता?

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे सत्यास सोडून होईल. १३ एप्रिल २०२१ रोजी राज्य सरकारने ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात नोंदणीकृत फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक आणि बांधकाम मजूर यांस प्रत्येकी १,५०० रुपये देण्याचे ठरले. शिवभोजन थाळी विनामूल्य झाली. गरिबांत गरीब जो त्याच्याकडे प्रथम पाहावे, हे उचितच होते. परंतु गाळ्यात बसणारा लहान दुकानदार त्या यादीत नव्हता. तो ना मजूर, ना धनिक. त्याच्यासाठी जे आले ते बहुतांशी कर्जाच्या रूपाने. रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबविण्याची सवलत ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत दिली आणि केंद्र सरकारने लहान उद्योगांसाठी हमीची कर्जे उपलब्ध केली. पण लांबविलेला हप्ता माफ होत नाही आणि कर्ज म्हणजे भरपाई नव्हे. सर्वांसाठी सोसलेला तोटा ज्याचा त्याने पुढे व्याजासह फेडावा, एवढाच त्याचा अर्थ होतो. उलट, कामगारांस बंद काळाचे पूर्ण वेतन द्यावे असा आदेश २९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने काढला, तेव्हा ती रक्कम देण्याची जबाबदारी मालकावरच टाकली. वसई पूर्वेस वालीव, सातिवली, गोखिवरे येथील छोट्या गाळ्यांतून पाच-दहा माणसांवर चालणारे कारखाने आहेत. यंत्र बंद, माल पडून, आणि वेतन चालू, ही गोष्ट एखाद्या महिन्यापलीकडे त्यांच्या आवाक्यातील नव्हती. तो आदेश मे महिन्यात मागे घेतला गेला, आणि १२ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, उभय पक्षांनी तडजोड करावी, असे सांगितले. कामगारास वेतन मिळावे हा हेतू चांगला होता; पण ते कोणाच्या खिशातून, हा प्रश्न पुन्हा एकदा जो समोर सापडला त्याच्यावर ढकलला गेला.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतील, ते प्रामाणिकपणे पाहिले पाहिजेत. पहिला असा की, नुकसान रोगाने केले, सरकारने नव्हे. हुकूम नसता तरी भयाने गिऱ्हाईक आलेच नसते. यात तथ्य आहे. तोट्यातील काही भाग रोगाचा आणि काही हुकुमाचा, आणि ते दोन भाग तराजूत घालून वेगळे करता येत नाहीत. परंतु दोन भाग नेमके वेगळे करता येत नाहीत, म्हणून त्यांतील एक शून्य आहे, असे अनुमान निघत नाही.

दुसरा आक्षेप असा की, बंदीचा लाभ दुकानदारासही झाला. त्याचाही जीव वाचला. खरे आहे. पण जीव आमचाही वाचला. लाभ दोघांस सारखा आणि किंमत एकट्यानेच मोजावयाची, हा कोणता न्याय? या आक्षेपामुळे दुकानदाराचा वाटा शून्य व्हावा असे ठरत नाही, हे कबूल. पण आमचाही वाटा शून्य नसावा, हे त्यातूनच सिद्ध होते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तिजोरी रिकामी होती. ब्रिटनने बंद काळात कामगारांच्या वेतनाचा ऐंशी टक्के भाग सरकारी पैशांतून दिला आणि लहान दुकानांस हजारो पौंडांची अनुदाने दिली. ते श्रीमंत राष्ट्र आहे, त्यास ते झेपले. आपणांस ते झेपले नसते, हे आम्ही मान्य करतो. परंतु किती द्यावयाचे हा ऐपतीचा प्रश्न आहे. देणे लागतो की नाही, हा नीतीचा. ऋणको गरीब असला म्हणजे ऋण नाहीसे होत नाही. शिवाय तिजोरी रिकामी होती हे खरे असले, तरी सर्वांचे खिसे रिकामे नव्हते. आमच्यासारखे जे पगारदार होते, सरकारी कचेऱ्यांतले, बँकांतले, महाविद्यालयांतले, त्यांपैकी पुष्कळांचे उत्पन्न अबाधित राहिले. उलट जाण्यायेण्याचा, समारंभाचा, उपाहारगृहाचा खर्च वाचला. पुष्कळ घरांत त्या काळात शिल्लक वाढली. ती शिल्लक म्हणजे, पाहू गेल्यास, समोरच्या दुकानाचे न झालेले उत्पन्न होते.

येथे महाराष्ट्रास आपल्याच इतिहासातील एका शहाणपणाची आठवण देता येईल. १९७२ च्या दुष्काळात खेड्यांतील लक्षावधी लोक कामावाचून होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, आणि तिचा खर्च भागविण्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरात बसून नियमित वेतन घेणाऱ्याने, ज्याच्या शेतात पाऊस पडला नाही त्याच्या मजुरीसाठी, पगारातून थोडी रक्कम द्यावी, हे त्यामागील तत्त्व. आमच्या पगारपत्रकावर तो कर आजही कापला जातो, आणि तो कशासाठी सुरू झाला हे आमच्या सहकाऱ्यांपैकी फार थोड्यांस ठाऊक आहे. जे राज्य अवर्षणाचा तोटा पगारदारांत वाटून देऊ शकले, त्यास हुकुमाने आणलेल्या बंदीचा तोटा वाटून देणे अशक्य होते असे आम्हांस वाटत नाही. अवर्षण तर कोणाच्या हुकुमाने येत नाही. त्याचा भार आपण उचलला. मग जी बंदी आपण स्वतः, आपल्यासाठी, जाणूनबुजून केली तिचा भार उचलण्याचे कर्तव्य अधिकच मोठे नव्हे काय?

तात्पर्य, साथ पुन्हा येईल; कोणत्या नावाने आणि कोणत्या वर्षी, एवढेच अज्ञात आहे. त्या वेळी दुकाने मिटावी लागली तर खुशाल मिटावीत. परंतु मिटण्याच्या हुकुमातच उघडण्याची तरतूद असावी. जितके दिवस दुकान सरकारच्या आज्ञेने बंद, तितक्या दिवसांची घरपट्टी, परवाना शुल्क आणि विजेचा स्थिर आकार मागू नये. भाड्याचा काही ठराविक भाग सार्वजनिक निधीतून मिळावा, जेणेकरून गाळ्याच्या भाड्यावर जगणारी वृद्ध विधवाही उघडी पडणार नाही. आणि त्या निधीत ज्यांचे वेतन अबाधित आहे त्यांनी त्या महिन्यांपुरता वाटा द्यावा. १८९७ च्या कायद्यातील ‘असल्यास’ हा शब्द काढून तेथे किती, कोणास आणि केव्हा हे आधीच लिहून ठेवावे. संकटाच्या दिवशी न्याय आठवत नाही. तो शांततेच्या दिवशी लिहून ठेवावा लागतो.

परंतु कायदा होईपर्यंत थांबण्याची गरज सर्वांनाच असते असे नाही. आमच्या त्या पत्राची प्रत इमारतीच्या दप्तरात आहे. परवा दुसरा एक कागद शोधीत असता ती हाती आली व आम्ही ती पुन्हा वाचली. भाषेत दोष नाही, युक्तिवादातही नाही. रोगी होते, वृद्ध होते, दुकान बंद राहणे आवश्यकच होते. त्या गाळ्याचे भाडे महिना बारा हजार रुपये होते, आणि इमारतीत चाळीस बिऱ्हाडे आहेत. दुकान आमच्यासाठी बंद ठेवा, आणि बंद आहे तोवर त्याचे भाडे आम्ही भरू, असे एक वाक्य त्या पत्रात असते, तर दर घरास महिन्याला तीनशे रुपये पडले असते. बैठकीत हजर असलेल्या कोणीही ते नाकारले नसते, अशी आमची समजूत आहे. ते वाक्य लिहावयाचे कोणास सुचले नाही; आणि मसुदा तर आमच्याकडेच होता.